घाटरस्ता, एबीएस ब्रेक आणि घरी काढावयाची हवा
(भाषणाचा मजकूर)

इंदूर–इच्छापूर मार्ग खंडव्याहून दक्षिणेकडे निघतो, असीरगडाच्या पायथ्याजवळ सातपुड्याचा घाट उतरतो आणि तापीच्या खोऱ्यात बऱ्हाणपुरास येऊन पोहोचतो. केळीने भरलेल्या मालमोटारी, इच्छादेवीच्या दर्शनास निघालेली कुटुंबे, लग्नाच्या वऱ्हाडाच्या जीपगाड्या, शासकीय वाहने, सर्वांचा हाच रस्ता. उतारावर चालकाचा पाय ब्रेकवरून सुटत नाही. डिस्क तापते, तिची उष्णता पॅडमधून आत शिरते आणि ब्रेकचे तेलही तापते. अशा वेळी एखाद्या वळणावर पायाखालचा पेडल नेहमीच्या जागी न अडता मऊसर लागून खाली जाऊ लागला, तर चालकाच्या हाती फार थोडे क्षण उरतात. अशा प्रसंगाचे मूळ पुष्कळदा तेलात शिरलेल्या हवेच्या किंवा वाफेच्या लहानशा बुडबुड्यात असते. धारणीकडून मेळघाटात जाणाऱ्यांसही हे वेगळे सांगावयास नको.

ब्रेकमधील हवा काढणे हे काम गावोगावचे मिस्त्री आणि हौशी वाहनमालक पूर्वीपासून घरच्या अंगणात करीत आले आहेत. परंतु एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था, बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्याही अनेक गाड्यांना ती होती. आता या गाड्या दुसऱ्या व तिसऱ्या मालकाकडे, खेड्यापाड्यांत येऊन पोहोचल्या आहेत. कंपनीची कार्यशाळा प्रत्येक तालुक्यास नसते, आणि तेथील संगणकयंत्र तर वाहनमालकाजवळ असणे शक्यच नाही. म्हणून येथे जमलेल्यांपैकी अनेकांच्या मनात एकच प्रश्न असणार: या गाडीच्या ब्रेकमधील हवा घरी काढता येते काय? बहुतेक वेळा येते. काही वेळा येत नाही. आणि न येण्याची वेळ ओळखता न आल्यास अंगणात उत्तम वाटणारे काम घाटात दगा देते.

हवेचा हा स्वभाव समजण्यास बऱ्हाणपुरासारखे दुसरे ठिकाण नाही. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, येथे कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्याच्या कुशीत झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने शहराकडे आणणारी ही योजना आजही पाहावयास मिळते. बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. त्यांची संख्या शंभराहून अधिक सांगतात. त्यांतून आत हवा व उजेड जातो आणि गाळ काढण्यास माणूस उतरू शकतो. तेथे पाणी आपल्या उताराने, मोकळेपणाने वाहते. म्हणून हवेचा त्यास उपद्रव नाही, उलट उपयोगच आहे. ब्रेकच्या नळीत मात्र तेल वाहावयाचे नसते. एका टोकाचा दाब दुसऱ्या टोकास जसाच्या तसा पोहोचवावयाचा असतो. तेथे हवेचा एक थेंबभर बुडबुडासुद्धा चालत नाही.

फ्रेंच विद्वान ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम शाळेत शिकविला जातोच. शिक्षकांना तो पाच मिनिटांत वर्गात दाखविता येईल. सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून एका बारीक नळीने जोडाव्यात. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा तत्काळ बाहेर येतो. आता नळीत मुद्दाम थोडी हवा राहू द्यावी आणि दुसरा दट्ट्या बोटाने धरून ठेवावा. पहिला दाबला तर तो आत जातो, पण दुसऱ्या बोटास जोर जाणवत नाही. पाणी दबत नाही, हवा दबते. चालकाच्या पायाखाली मऊ लागतो तो पेडल म्हणजे हाच पहिला दट्ट्या होय. (मालमोटारी व एस.टी. गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवरच चालतात. त्यांचे शास्त्र निराळे आहे, आणि मालमोटारीवरील मिस्त्रीचा अनुभव येथे जसाच्या तसा लावू नये.)

हवा दोन मार्गांनी येते. एक म्हणजे नळी सोडल्यामुळे, गळतीमुळे किंवा वरच्या टाकीतील तेल संपल्यामुळे. दुसरा मार्ग अधिक छुपा आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. बाटलीवर डॉट 3, डॉट 4 असे आकडे असतात. ते अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या मानकावरून आले आहेत. डॉट 3 चे ताजे तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. तेच तेल ओलावा शोषल्यावर 140 अंशांना उकळले तरी मानकात बसते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 असे आहेत. म्हणजे दोन-तीन पावसाळे पाहिलेले तेल सपाट रस्त्यावर काही तक्रार करीत नाही, पण घाट उतरताना चाकाजवळ उकळून त्याची वाफ होऊ शकते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल पूर्वीसारखा कडक लागतो, आणि मालक ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून तसाच पुढे जातो. बहुतेक कंपन्या सुमारे दोन वर्षांनी तेल बदलावयास सांगतात. बहुसंख्य मालक मात्र इंजिनचे तेल न चुकता बदलतात आणि ब्रेकच्या तेलाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आता एबीएसची रचना. मोटारीवर ही व्यवस्था आज दिसते त्या स्वरूपात 1978 मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने आणली. प्रत्येक चाकाजवळ गती मोजणारा संवेदक असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादे चाक फिरण्याचे थांबून घसरू लागले, तर संगणक ते ओळखतो आणि त्या चाकाचा दाब क्षणभर कमी करून पुन्हा देतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. त्यामुळे ब्रेक लागलेला असतानाही स्टिअरिंग काम करते आणि गाडी वळविता येते. हे काम इंजिनच्या कप्प्यातील एका धातूच्या ठोकळ्यात चालते. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन झडपा असतात. तेल आत सोडणारी झडप एरवी उघडी असते आणि तेल बाहेर काढणारी झडप एरवी बंद असते. बंद झडपेच्या मागे एक लहानसा साठवणकक्ष असतो आणि तेथील तेल परत वर ढकलणारा विजेचा पंप असतो.

या विषयाचे सारे मर्म त्या बंद झडपेत आहे. नेहमीच्या ब्रेकमध्ये तेल उघड्या झडपेतून सरळ चाकाकडे जाते. घरी हवा काढतानाही ते त्याच वाटेने जाते. बंद झडपेमागील कक्षात नवे तेल पोहोचत नाही आणि तेथे अडकलेली हवा चाकाच्या निपलमधून कितीही तेल सोडले तरी बाहेर पडत नाही. त्या स्थितीत अंगणात उभ्या गाडीचा पेडल दगडासारखा कडक लागू शकतो, कारण अडकलेली हवा अजून मुख्य वाटेत आलेलीच नसते. पुढे एखाद्या पावसाळी दिवशी, ओल्या उतारावर चालक जोरात ब्रेक दाबतो, एबीएस प्रथमच कार्यान्वित होते, बंद झडपा उघडतात, पंप सुरू होतो, आणि इतके दिवस कोपऱ्यात बसलेली हवा मुख्य नळीत ढकलली जाते. त्यापुढील दाबास पेडल खाली जातो. ब्रेकची सर्वाधिक गरज असते तोच हा क्षण. म्हणून एबीएस असलेल्या गाडीत केवळ उभ्या गाडीचा कडक पेडल हा काम पूर्ण झाल्याचा पुरावा मानता येत नाही.

यावरून घरी काम करणाऱ्याचा पहिला नियम निघतो: हवा त्या ठोकळ्यात शिरूच द्यावयाची नाही. वरची टाकी कधीही रिकामी होता कामा नये. केवळ जुने तेल बदलावयाचे असेल, किंवा चाकाजवळील कॅलिपर वा रबरी नळी बदललेली असेल आणि टाकीत तेल राहिलेले असेल, तर बहुतेक गाड्यांत साध्या पद्धतीने हवा काढणे पुरेसे होते. संगणकयंत्राची गरज पडत नाही. गाडीच्या पुस्तिकेत याविरुद्ध काही लिहिले असल्यास अर्थातच पुस्तिका प्रमाण मानावी. नळी सोडावी लागणार असेल तेव्हा जुने मिस्त्री एक युक्ती करतात, ती येथेही उपयोगी आहे. पेडल साधारण इंचभर दाबून काठीने तसाच अडकवून ठेवावा. मुख्य सिलिंडरचे टाकीकडील छिद्र त्यामुळे बंद होते आणि तेल गळून टाकी रिकामी होत नाही. सुटलेल्या नळीच्या तोंडाला स्वच्छ रबरी टोपी लावावी. नवे पॅड बसविताना दट्ट्या मागे ढकलण्यापूर्वी निपल किंचित सोडून तेथील मळके तेल बाहेर जाऊ द्यावे. नाही तर तो गाळ उलट दिशेने थेट एबीएसच्या ठोकळ्यात जातो, आणि तो ठोकळा ही गाडीतील महागड्या वस्तूंपैकी एक आहे.

काम सपाट जागी, गाडी थंड असताना आणि चावी बंद ठेवून करावे. चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही हात घालू नये. मजबूत घोडी हवीच. मालवाहू पिकअपच्या मागील धुऱ्यावर भारानुसार दाब ठरविणारी झडप असेल, तर मागची चाके अधांतरी ठेवून हवा नीट निघत नाही. ती जमिनीवर टेकलेली असावीत. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच, सीलबंद बाटलीतले घ्यावे. गतवर्षी उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरणे ही खोटी काटकसर होय. डॉट 5 हे सिलिकॉनचे तेल एबीएसच्या गाडीत घालू नये, डॉट 5.1 हे नाव सारखे दिसले तरी तो निराळा प्रकार आहे. इंजिनचे किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल चुकूनही पडले, तर रबराच्या वॉशर फुगतात आणि सगळी व्यवस्था निकामी होते. ब्रेकचे तेल रंगावर सांडल्यास रंग उडतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

प्रथम टाकीतील जुने काळपट तेल पिचकारीने ओढून घ्यावे, मात्र तळाशी थोडे राहू द्यावे, आणि नवे तेल भरावे. नंतर दोन माणसांचे काम सुरू होते. एकाने चाकाच्या निपलवर रिंग पाना बसवून पारदर्शक नळी लावावी व तिचे दुसरे टोक थोडे ताजे तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. दुसऱ्याने आत बसून पेडल सावकाश दाबावा व ‘धरला’ असे सांगावे. मग पहिल्याने निपल पाव ते अर्धा फेरा सोडावे, तेल व बुडबुडे जाऊ द्यावेत, निपल बंद करावे आणि ‘सोडा’ म्हणावे. हा क्रम उलटला, निपल बंद होण्यापूर्वी पेडल सुटला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. घरच्या कामात सर्वांत अधिक होणारी चूक हीच. बाप-लेक किंवा नवरा-बायको हे काम करीत असतील तर घाई न करता, प्रत्येक वेळी मोठ्याने शब्द उच्चारून करावे. पाच-सहा वेळा दाबल्यानंतर न विसरता टाकी पाहावी व भरावी.

पेडल तळापर्यंत दाबू नये. त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. जुन्या मुख्य सिलिंडरमध्ये जेथपर्यंत वॉशर रोज जात नाही, तेथे गंज व गाळ साचलेला असतो. त्यावरून वॉशर फिरली की ती फाटते, आणि हवा काढावयास बसलेल्या माणसास नवा सिलिंडर घ्यावा लागतो. चाकांचा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो. जुन्या रीतीने सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडील उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून, आरंभ करतात. पण पुष्कळ मोटारींत नळ्यांची जोडणी तिरपी असल्याने त्यांचा क्रम वेगळा असू शकतो. कॅलिपर बदललेले असतील तर निपल वरच्या बाजूस आहे ना, तेही पाहावे. डावे उजवीकडे बसले की निपल खाली येते आणि वर साचलेली हवा दिवसभर प्रयत्न करूनही निघत नाही. असा दिवस वाया घालविलेले मिस्त्री थोडे नाहीत.

काम झाल्यावर गाडी सुरू करून पेडल मिनिटभर दाबून धरावा. इंजिन सुरू होताना तो किंचित खाली जातो, ते योग्यच आहे. पण दाबून धरलेला पेडल हळूहळू खचत राहिला, तर कोठेतरी गळती आहे किंवा मुख्य सिलिंडरची वॉशर गेली आहे, असे समजावे.

आता अवघड बाब. टाकी रिकामी झालीच असेल, मुख्य सिलिंडर बदललेला असेल, किंवा एबीएसच्या ठोकळ्याच्या नळ्या सोडल्या असतील, तर हवा आत गेली असे धरून चालावे. कंपनीचे यंत्र अशा वेळी संगणकाला आज्ञा देऊन त्या बंद झडपा उघडते आणि पंप चालविते. त्याच वेळी निपलमधून हवा काढली जाते. हे यंत्र नसताना तेच काम एबीएसकडून प्रत्यक्ष करवून घेण्याचा एक मार्ग जाणकार मिस्त्री वापरतात. प्रथम वर सांगितल्याप्रमाणे चारही चाकांची हवा काढून पेडल पूर्ण कडक झाला पाहिजे. हातब्रेक चांगला असला पाहिजे. चावी फिरविल्यावर एबीएसचा दिवा लागून विझला पाहिजे; तो लागलेलाच राहिला तर ती व्यवस्था बंद आहे, आणि पुढील प्रयोगाचा उपयोग नाही. मग रस्त्यावर नव्हे, तर मालकाच्या परवानगीने एखाद्या मोकळ्या, सपाट, मुरुमाच्या मैदानात, जेथे माणूस, मूल वा गुरे नाहीत अशा जागी, पट्टा बांधून ताशी वीस ते तीस किलोमीटर वेगाने ब्रेक एकदम जोरात दाबावा. पायाखाली थरथर जाणवते व पंपाची घरघर ऐकू येते. झडपा उघडल्याची ती खूण. मुरुमावर एबीएसची गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते, म्हणून पुढे भरपूर मोकळी जागा ठेवावी. असे आठ-दहा वेळा करून गाडी तेथेच उभी करावी आणि चारही चाकांची हवा पुन्हा काढावी. बुडबुडे निघाले तर सारी क्रिया पुन्हा करावी. शेवटच्या फेरीनंतर पेडल कडक राहिला आणि तेल स्वच्छ आले, तरच काम झाले असे म्हणता येईल.

मधल्या कोणत्याही टप्प्यावर पेडल मऊ झाला, तर गाडी चालवीत परत आणू नये. ओढून किंवा दुसऱ्या वाहनावर चढवून कार्यशाळेत न्यावी. येथे ‘हळूहळू नेऊ’ हा विचार करणारा माणूस स्वतःबरोबर रस्त्यावरील इतरांचाही जीव पणास लावतो. कंपनीची कार्यशाळा दूर असेल तर शहरातील काही खासगी गॅरेजांतही असे यंत्र असते. त्यांना ‘एबीएसची हवा यंत्राने काढता काय’ असे स्पष्ट विचारावे. नुसते बिघाडाचे क्रमांक वाचणारे स्वस्त यंत्र आणि झडपा चालविणारे यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

काही गाड्यांना घरी हात लावूच नये. विजेवर व पेट्रोलवर चालणाऱ्या संकरित गाड्यांपैकी अनेकींमध्ये ब्रेकचे तेल पंपाने फार मोठ्या दाबाखाली साठविलेले असते. चावी बंद असली तरी तो दाब शिल्लक असतो. ज्यांचा हातब्रेक बटणाने लागतो, त्यांचे मागील पॅड बदलण्याचीही रीत निराळी असते. एबीएस असलेल्या मोटारसायकलींना मात्र वरील बहुतेक गोष्टी लागू पडतात. फरक एवढाच की तेथे मैदानातील प्रयोग करणारा खाली पडू शकतो. म्हणून दुचाकीसाठी तो प्रयोग न करता सरळ कार्यशाळेची वाट धरावी.

शासकीय व निमशासकीय कार्यालयांच्या वाहनांच्या नोंदवहीत इंजिनच्या तेलाची नोंद असते, ब्रेकच्या तेलाची क्वचितच आढळते. तेल कोणते घातले, कोणत्या तारखेस घातले, आणि त्या वेळी टाकी रिकामी झाली होती की नाही, एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तर पुढच्या मिस्त्रीस घरची रीत पुरेल की यंत्र लागेल हे ठरविता येते. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेपासून ही नोंद सुरू व्हावी हे उत्तम, कारण तिच्या चालकास घाटातही वेळ नसतो.

उरलेले जुने तेल विषारी असते. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. घरातील मूल ते पिऊ शकते. गटारात, शेतात वा विहिरीजवळ ओतू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहून, इंजिनच्या जुन्या तेलात न मिसळता वेगळे ठेवावे आणि जुने तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजात नेऊन द्यावे.